उभ्याने घेतलेला सत्कार

नाही, “झाली असतील पाच-सहा वर्षं” असं मोघम मला बोलता येत नाही, बाई. विचारलंत, तर नीट ऐका. सन दोन हजार एकोणीस, फेब्रुवारीची एकवीस तारीख, गुरुवार, माघ वद्य द्वितीया. थंडी सरत आली होती आणि आमच्या तासगावकडे द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता — त्या दिवसांत घरातला प्रत्येक माणूस बेदाण्याच्या शेडवर असतो, घरी कोण किती वेळा संडासाकडे गेलं हे पाहायला कुणी नसतं — त्या सकाळी मला पहिल्यांदा रक्त दिसलं. कुठे, ते विचारू नका. आपण दोघी कोणत्या दाराबाहेर बसलो आहोत ते वर पाटीवर लिहिलेलं आहे. — उठू नका. उठलात की पुन्हा बसताना दुखेल. मला कसं कळलं? अहो, समोरच्या बाकावरची माणसं पाहा, ती पोट धरून बसली आहेत, पण सरळ बसली आहेत. तुम्ही मघापासून उजव्या अंगावर रेलून, डावा हात बाकावर दाबून बसला आहात, जणू काही शेजारी कुणाला जागा करून देताय. असं मी एक वर्ष आणि एक महिना बसले आहे. लोकांना वाटायचं, आक्का किती अदबीनं बसतात.

चंदनबाला माझं नाव. आमच्या गावात सगळे आक्काच म्हणतात. एकोणीसशे सहासष्टची मॅट्रिक, जुनी अकरावी, पहिला वर्ग — हे सांगते ते मिरवायला नाही. पुढे माझ्या मुलानं तेच माझ्या तोंडावर फेकलं, म्हणून आधीच सांगून ठेवते. तुम्ही मेढ्याच्या म्हणालात, म्हणजे पार जावळीच्या डोंगरातल्या. तुमच्या-आमच्यात सोयरीक व्हायची नाही, एका मांडवात जेवायची वेळ यायची नाही. म्हणून तर बोलते आहे. ओळखीच्या माणसाला यातलं एक अक्षर सांगितलं नसतं. — मिस्टर चहाला गेलेत? जाऊ द्यात. पुरुष इथे बसले की त्यांनाच घाम फुटतो.

तर रक्त. प्रथम मी म्हटलं, उष्णता. आमच्याकडे बाईमाणसाला डोक्यापासून पायापर्यंत जे काही होतं ते उष्णतेनं होतं. सब्जा झाला, गुलकंद झाला, धने-जिरे भिजवून झाले. दिवसातून दोनदा जाणारी मी आठदा, दहादा जाऊ लागले. पोटात पीळ, आणि घाई अशी की दाराची कडी लावायलासुद्धा — असो. तो तपशील तुम्हांला सांगायला नको, तुमच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. शेवटी सांगलीच्या पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीनं तपासलं आणि सांगितलं, मोठ्या आतड्याला आतून सूज आहे, व्रण आहेत, अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात याला. हा आजार घालवता येत नाही, ताब्यात ठेवता येतो. गोळ्या दिवसातून तीनदा, एकही चुकवायची नाही. मी मान हलवली. डॉक्टर सज्जन होते, त्यांनी सगळं विचारलं. एकच विचारलं नाही, की बाई, तुम्ही सूर्यास्तानंतर तोंडात काही घालता का? आम्ही जैन. सूर्य मावळला की पाण्याचा घोटसुद्धा नाही, हे लग्नाआधीपासून पाळत आले. मग रात्रीची गोळी? ती मी घेतच नव्हते. सांगितलंही नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी वेळ बदलून दिली असती — पुढे इथल्या डॉक्टरांनी एका मिनिटात बदलून दिली, सकाळी दोन आणि दुपारी दोन. पण मला वाटलं, डॉक्टरांपुढे धर्माची सबब सांगणं हा धर्माचा कमीपणा, आणि धर्मापुढे गोळी गिळणं हा माझा कमीपणा. म्हणून दोघांपुढेही गप्प. कमीपणा कुठेच येऊ द्यायचा नाही, हा माझा जन्माचा रोग. आतड्याचा नंतर आला.

त्याच वर्षी भाद्रपद आला. आमचं दशलक्षण पर्व — पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस. सकाळपासून बसदीत, म्हणजे आमच्या मंदिरात, अभिषेक, पूजा, दुपारी प्रवचन. अख्खा गाव एका ठिकाणी बसलेला. आता मला सांगा, दहा-दहा वेळा उठून जाणारी बाई चार-चार तास बसदीत कशी बसणार? मागच्या दारानं एकदा जाईल, दोनदा जाईल, तिसऱ्यांदा कुणीतरी विचारीलच. पंचमीच्या सकाळी मी घाबरून काही खाल्लं नाही. षष्ठीलाही नाही. आणि काय झालं? पोट शांत. दिवसाकाठी एकदा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही, आणि जाणं दोनावर आलं. आतड्यात काही नाही तर बाहेर काय येणार? साधं गणित. व्रण होते तिथेच होते, बरं काहीच झालेलं नव्हतं, फक्त धावपळ थांबली होती — पण मला वाटलं, मार्ग सापडला. सप्तमीला प्रवचन संपताना माझी जाऊ म्हणाली, “आक्कांनी दहा दिवसांचे उपवास धरलेत का?” मी उत्तर दिलं नाही. खोटं बोलले नाही, हे लक्षात घ्या. उत्तर दिलं नाही, एवढंच. चतुर्दशीला माझ्या गळ्यात हार होता आणि माइकवर माझं नाव “तपस्विनी” लावून घेतलं जात होतं.

आणि खरं सांगू? बरं वाटलं. सत्तरीला आलेली विधवा बाई, हे गेल्यापासून — मदनराव आमचे, त्यांचं नाव आता घेते, पूर्वी घेत नसे — ते गेल्यापासून व्यापार मुलानं पाहावा, स्वयंपाक सुनेनं पाहावा, मी जपमाळ ओढावी, आणि अचानक सगळं गाव वाकून नमस्कार करू लागलं. पुढची दोन वर्षं कोरोनामुळे बसदी बंद होती, मी घरी उपवास केले. तरी लोक फाटकाबाहेरून हात जोडून जायचे. एकदा धरलेलं व्रत सोडता येतं का? सोडलं तर विचारणार, “आक्का, यंदा का नाही?” — आणि मग उत्तर द्यावं लागणार. म्हणजे कळलं का तुम्हांला? मी आजार लपवायला उपास धरला, आणि मग उपास टिकवायला आजार लपवू लागले. मधल्या काळात कधी पोट बरं असायचं, कधी बिघडायचं. बिघडलं की डॉक्टर वेगळ्या कडक गोळ्या द्यायचे, आणि मी रात्रीच्या पुन्हा — हो, पुन्हा चुकवायचे.

दोन हजार बावीसच्या ऑगस्टमध्ये, श्रावणात, तिथे गळू आलं. सुपारीएवढं. बसता येईना, खोकता येईना. आता पोटाच्या डॉक्टरांकडेच जायला हवं होतं ना? त्यांनीच विचारलं होतं आधी, खालच्या बाजूला काही त्रास? आणि मी “छे” म्हटलं होतं. ते पुरुष होते, माझ्या मुलाएवढे. पोट दाखवलं तेव्हाच मी डोळे मिटून घेतले होते. मग मी काय केलं — हसू नका — सांगलीत एका गल्लीत पिवळी पाटी होती, मूळव्याध, भगंदर, विना ऑपरेशन, तिथे गेले. एकटी, एसटीनं, उभी राहून. आणि तिथल्या पोरीनं नाव विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, “राहीबाई.” राहीबाई म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करते ती. दुसरं नावच सुचलं नाही हो. आतल्या डॉक्टर म्हणवणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, “राहीबाई, आणखी काही आजार, काही गोळ्या चालू आहेत?” राहीबाईला कुठला आजार? तिला कधी साधा ताप आला नाही. मी म्हटलं, “नाही.” त्यांनी सुन्न करण्याचं इंजेक्शन दिलं, कापलं, पू काढला, काहीतरी जाळलं आणि पंधरा दिवसांत भरेल म्हणून सांगितलं. आतून सूज असलेल्या आतड्याच्या तोंडाशी असं कापू नये, आधी सूज उतरवावी लागते, आणि मी घेत होते त्या कडक गोळ्यांनी जखम भरायला वेळ लागतो, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होतं! त्यांनाही ठाऊक नव्हतं, कारण त्यांच्यापुढे झोपलेली बाई राहीबाई होती.

घरी दोन पिशव्या झाल्या. पोटाची फाइल कपाटात, चंदनबालाच्या नावाची, सगळ्यांना माहीत असलेली. दुसरी साडीच्या दुकानाच्या पिशवीत, गाद्यांखाली. जखम भरली नाही. पंधरा दिवस गेले, महिना गेला, भाद्रपद येऊन गेला — हो, त्याही वर्षी दहा उपवास केले — आणि जखमेच्या शेजारी बारीक एक तोंड पडलं आणि तिथून सतत, थोडं थोडं... भगंदर. हा शब्द मी तोपर्यंत फक्त भिंतींवर वाचला होता. मऊ धोतराच्या घड्या करून वापरायची मी, हाताने धुवायची, आणि शेडच्या मागे, जिथे बेदाण्याचे रिकामे क्रेट रचून ठेवतात, तिथे वाळत टाकायची. महिनाभरात राहीबाईनं पकडलं. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. “आवं आक्का, सूनबाईंची न्हाईत, नातीची न्हाईत, मग ही कापडं कुणाची? तुमी काय परत न्हात्या-धुत्या झाला व्हय?” काय बोलायचं अशा बाईला! मी म्हटलं, “राहीबाई, जीभ आवरा.” ती म्हणाली, “म्या जीभ आवरती, पर तुमाला तर उठता-बसता येईना झालंय. तवा परातीत पीठ मळताना उभ्यानं मळत हुता. मला काय डोळं न्हाईत?” मग रडू आलं मला. तिच्यापुढे. तिनं पदर पुढे केला नाही, सांत्वन केलं नाही, क्रेटवर बसली आणि म्हणाली, “सूनबाईस्नी सांगा.” मी तिला शपथ घातली. तिच्या नावानं मी दवाखान्यात गेले होते, हे मात्र सांगितलं नाही. ते तिला पुढे कळलं.

तुम्हांला वाटेल, एवढं काय? सुनेला सांगायचं आणि मोकळं व्हायचं. प्रांजल चांगली मुलगी आहे, बी. फार्म. झालेली आहे, तिला सगळं कळलं असतं. पण बाई, प्रश्न सुनेचा नव्हताच. आमच्यात अंगावर वाहती जखम असेल, तर पूजेच्या द्रव्याला हात लावायचा नसतो. बसदीत जावं, लांबून दर्शन घ्यावं, पण अभिषेकाच्या कलशाला हात नाही. लहान मुलीलासुद्धा हे ठाऊक असतं, मी स्वतः किती जणींना शिकवलं आहे — एकदा एका नव्या सुनेच्या बोटाला साधी पट्टी होती, तर मी तिला सगळ्यांसमोर मागे जायला सांगितलं होतं. आणि मी? गावची तपस्विनी, पहिला कलश आक्कांचा, म्हणून सगळ्यांनी वाट करून द्यायची आणि मी घड्या लावून, वर दोन परकर नेसून, पुढे जायची. एका वर्षात किती वेळा गेले असेन, ते मी मोजलेलं नाही. मी! आजार सांगायचा म्हणजे हे सांगायला लागणार. तारखा जुळवता येतात लोकांना. सांगावं तर बसदीतून उठवणार. न सांगावं तर बसदीत बसवणार. आणि बसता तर येत नाही.

मग आलं दोन हजार तेवीस. अधिक श्रावणामुळे भाद्रपद लांबला होता, सप्टेंबर अखेरीला चतुर्दशी. बसदीच्या कमिटीनं ठरवलं, आक्कांचे सलग पाचव्या वर्षी दहा उपवास पूर्ण होताहेत, तर पौर्णिमेला शोभायात्रा काढायची. भरतेश, माझा मुलगा, घरी येऊन आनंदानं सांगू लागला, “आई, उघडी जीप सजवणार आहेत, वर सिंहासन करणार आहेत, मखमलीचं.” सिंहासन! माझ्या पोटात दुखलं ते आतड्याचं होतं की सिंहासनाचं, सांगता येत नाही. मी म्हटलं, “मला मानाची गरज नाही.” तर म्हणाला, “बघ, हेच तर अध्यक्ष म्हणाले — आक्का नको म्हणणार, हाच त्यांचा मोठेपणा.” आता यावर काय करायचं? एकोणतीस सप्टेंबर, शुक्रवार. अंगात कणकण होती, पुन्हा गळू भरत होतं, मला कळत होतं. जीपमध्ये चढवलं. समोर लेझीम, मागे बायका कलश घेऊन. मी त्या खुर्चीकडे पाहिलं आणि बसलेच नाही. जीपच्या आडव्या नळीला धरून उभी राहिले. अध्यक्ष खालून ओरडले, “आक्का, बसा की!” मी हात जोडले. तेवढंच. बाजारपेठ, चावडी, शाळा — पावणेदोन तास उभी. आणि काय झालं असेल, सांगा बरं? बसदीपाशी पोचेपर्यंत गावभर झालं होतं, की दहा दिवसांचा उपवास असून आक्का यात्रेपुढे पायी चालणाऱ्या मुनीमहाराजांच्या आदरापोटी आसनावर बसल्याच नाहीत, उभ्यानंच सत्कार घेतला. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या बातम्यांत तसं छापूनही आलं. मोठा फोटो. माझा चेहरा दुखण्यानं वाकडा झालेला, आणि खाली लिहिलेलं — “प्रसन्न मुद्रा.” गेल्या वर्षीपर्यंत मला फक्त उपाशी राहावं लागत होतं, आता उभंही राहावं लागणार होतं.

तुम्ही हसलात. हसा. मीसुद्धा आत्ता सांगताना हसते आहे. पण ब्राह्मीची गोष्ट अजून सांगितलेली नाही.

ब्राह्मी माझी नात. त्या वर्षी अकरावीला होती, सोळा वर्षांची, काडीसारखी. तिनंही त्या पर्वाला उपवास धरले होते. कुणी सांगितलं नव्हतं. प्रांजल तर नकोच म्हणत होती. “आजी सत्तरीत करते, मला का जमणार नाही?” एवढंच म्हणाली. मी ऐकलं ते. मी तिथेच होते. “नको, ब्राह्मी” असं मला तेव्हा म्हणता आलं असतं, पण ते सांगताना कारण द्यावं लागलं असतं. सातव्या दिवशी बसदीच्या पायऱ्यांवर तिला घेरी आली. आईनं तिथेच तिच्या तोंडात दूध घातलं. उपवास मोडला. पोरगी तीन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. शोभायात्रेत नव्हती. आणि प्रतिपदेला आमची क्षमावाणी असते. त्या दिवशी लहान-मोठा प्रत्येक जण दुसऱ्यापुढे हात जोडतो, वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतो. सकाळी सगळं गाव दाराशी. सगळ्यांत शेवटी ब्राह्मी आली, पाया पडली, आणि रडत म्हणाली, “आजी, मला जमलं नाही. मी कमी पडले. मला क्षमा कर.” — थांबा, घोटभर पाणी घेते.

मी म्हटलं, “केली, बाळ.”

त्याच दुपारी मला थंडी भरून ताप आला. गाडीत आडवं घालून इथे मिरजेला आणलं. गळू आत पसरलं होतं. इथल्या सर्जन बाई — आत आहेत त्याच, भिऊ नका, बोलायला करड्या आहेत पण हात हलका आहे — त्यांनी विचारलं, “याआधी कुठे दाखवलं होतं?” मी भिंतीकडे तोंड वळवलं. प्रांजलनं घरून कपडे आणायला राहीबाईला सांगितलं होतं. राहीबाईनं कपड्यांबरोबर गाद्यांखालची पिशवीही आणली. वाचता येत नाही तिला, पण दवाखान्याचा कागद कळतो. सर्जन बाईंनी कागद उघडला आणि म्हणाल्या, “हा तर राहीबाई नावाच्या पेशंटचा आहे.” दारात उभी होती ती. “म्या?” म्हणाली, “मला कवा कापलं?” भरतेशनं तो कागद हातात घेतला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “आई, मॅट्रिकला पहिला वर्ग ना तुझा? आणि एका अंगाला दोन डॉक्टर, दोन नावं?” त्यापेक्षा ओरडला असता तर बरं होतं. राहीबाई मात्र चिडली नाही. “नाव माजं वापरलंसा, बरं झालं,” म्हणाली, “पर मग दुखणं बी माज्यावानी सांगायचं हुतं. म्या गावभर बोंबलत सांगितलं असतं, कवाच बरी झाली असती.”

पू काढला, भगंदरात एक धागा ओवून ठेवला, आतून पू साचू नये म्हणून. एमआरआय, पुन्हा दुर्बीण — कोलायटिसमध्ये असं क्वचित होतं म्हणाल्या, म्हणून दुसरा कुठला आजार तर नाही ना, याची खात्री केली. नव्हता. माझा तोच जुना, अर्ध्या गोळ्यांवर पोसलेला. आधी आतडं शांत करू, मग जखम बघू. उपास पूर्ण बंद. भरतेशनं गावात सांगितलं, उपवासाचा अशक्तपणा, रक्तदाब. मी त्याला सांगायला सांगितलं नव्हतं. नको, असंही म्हटलं नाही. ब्राह्मीलाही तेच सांगितलं. म्हणजे त्या पोरीच्या लेखी काय झालं, कळतंय ना तुम्हांला? आजी मरायला टेकली तरी तिनं दहा दिवस पुरे केले, आणि आपण दुधाच्या पेल्याला हरलो. ती त्या वर्षभर जेवणात मोजून घास घेऊ लागली. एक पोळी. मग अर्धी. प्रांजल डॉक्टरांकडे घेऊन गेली, तर पोरगी डॉक्टरांना म्हणाली, भूक नाही. तिच्या टेबलावर काचेखाली माझा तो जीपमधला फोटो. आणि ऑगस्टमध्ये तिनं जाहीर केलं, यंदा दहा नाही, सोळा. गेल्या वर्षीचं प्रायश्चित्त धरून.

धागा अंगात असताना मी रोज गरम पाण्याच्या टबात बसायची, आणि रोज ठरवायची, आज सांगते. टबातून उठले की नाही सांगायची. तुम्ही म्हणाल, पोरगी वाळते आहे आणि ही बाई कलशाचा विचार करते आहे? होय. करत होते. ते तुमच्यापासून लपवून काय उपयोग?

रविवार, आठ सप्टेंबर, दोन हजार चोवीस. भाद्रपद शुद्ध पंचमी, पर्वाचा पहिला दिवस. पांढरी साडी नेसून ब्राह्मी उपवासाचा नियम घ्यायला निघाली होती. साडीला पिन तीन ठिकाणी मारलेली, कारण कमरेवर राहत नव्हती. त्या पिना मी पाहिल्या, आणि तिचा हात धरून न्हाणीघरात नेलं, कडी लावली. म्हटलं, “ब्राह्मी, इकडे बघ.” आणि दाखवलं. या हातांनी. जे नवऱ्याला दाखवलं नाही, ज्या डॉक्टरांना दाखवायला लाजले, ते सतरा वर्षांच्या पोरीला दाखवलं. धागा, घडी, सगळं. मग पहिल्या दिवसापासून सांगितलं, तुम्हांला सांगितलं तसं, तारखेवार. उपवास कसा धरला. जीपमध्ये का बसले नाही. कलशाचंही.

ती टबाच्या काठावर बसली होती. रडली नाही. मग विचारलं, “आजी, मग गेल्या वर्षी मला क्षमा केलीस, ती कशाची?”

मी साडी सावरली आणि कडी काढली.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, आणि पांढऱ्या साडीतच उभ्यानं दोन पोळ्या खाल्ल्या. प्रांजल कोपऱ्यात तोंडाला पदर लावून. उपवासाचा विषय तिथे संपला. त्यानंतर ती रीतसर जेवते, बारावीला चांगले मार्क पडले, आता पुण्याला शिकते आहे. मला फोन करते. गोळी घेतलीस का, एवढंच विचारते. — तर तुम्हांला सांगायचं तात्पर्य असं, की आत गेलात की पोटाचं आणि खालचं, दोन्ही एकाच दमात सांगायचं, किती वेळा जाता तेही, कुठे आधी दाखवलं असेल तेही. सासूबाई मूळव्याध म्हणोत की काही म्हणोत. एवढ्यासाठीच मी तोंड उघडलं. बाकीचं सांगायचा विचार नव्हता.

त्या दुपारचं? तेही विचारता? डोळ्यांनी विचारलंत, मी पाहिलं. दुपारी आम्ही बसदीत गेलो. मी मागे, खुर्चीवर, कलशाला हात लावला नाही. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. बायकांनी ब्राह्मीला घेरलं, “काय गं, सोळा धरणार होतीस ना? आजीचं रक्त ना तू? एका दिवसात गार?” ती सगळ्यांसमोर हसून म्हणाली, “मला नाही झेपत. आजीची सर मला कुठली!” मग वळून माझ्याकडे पाहिलं तिनं. मी कुणाला सांगू नकोस असं म्हटलं नव्हतं, शपथ घातली नव्हती, काही नाही. ते तिचं तिनंच ठरवलं होतं. आणि मी तिथेच होते, चार हातांवर. सगळ्या बायका माझ्याकडे वळून हात जोडत होत्या.

मी हात जोडले.

— संयोगिता तुम्हीच ना? दोनदा पुकारलं. जा. फाइल घ्या. जा म्हणते ना.